आठ फुटी प्लायवूडचा काप सरळ येत नाही आणि सर्क्युलर सॉ मागे झटका मारते: कारण काय असावे?

जुळे_सोलापूर_गच्ची (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

घरातील पुस्तकांसाठी भिंतीलगतचे एक उंच कपाट स्वतः करावे, अशी बऱ्याच काळाची इच्छा होती. त्यासाठी सात इंची पात्याची, १४०० वॅटची, हातात धरून चालवायची सर्क्युलर सॉ घेतली आहे. लाकूड म्हणजे १९ मिलिमीटर जाडीचे, आठ बाय चार फुटांचे प्लायवूड. काम गच्चीवर चालते. ऊन चढायच्या आत, सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत जे उरकेल तेवढेच. मशीनबरोबर आलेले २४ दातांचे पातेच सध्या लावलेले आहे.

अडचणी दोन आहेत आणि त्या एकमेकींशी संबंधित आहेत की वेगवेगळ्या, हे मला उलगडत नाही. पहिली अडचण लांबीच्या कापाची. आठ फुटांची रेघ पेन्सिलने आखून, मशीनच्या बेसला (लाकडावर टेकणाऱ्या सपाट पत्र्याला) पुढे असलेल्या खाचेवर नजर ठेवून मी कापत जातो. पहिले दोन-तीन फूट काप रेघेवर राहतो, मग तो हळूहळू डावीकडे सरकू लागतो, आणि मशीन वळवून पुन्हा रेघेवर आणायला गेलो की मोटरचा आवाज जड होतो व कापलेली कड काळपट पडते. शेवटच्या टोकाला काप रेघेपासून एक-दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बाहेर गेलेला असतो.

दुसरी अडचण मला अधिक काळजीची वाटते. चार फुटांचा आडवा काप घेताना मी प्लायवूड दोन टोकांना दोन स्टुलांवर ठेवतो आणि माझा भाचा पलीकडचे टोक धरून उभा राहतो. काप निम्म्याच्या पुढे गेला की पाते आवळले जाते. गेल्या रविवारी तर मशीनने उसळी घेऊन माझ्या दिशेने जोराचा झटका मारला. इजा कोणालाही झाली नाही. परंतु त्यानंतर प्लग काढून ठेवला आहे आणि नेमके कारण समजल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, असे ठरवले आहे.

दुकानातूनच मापाने कापून आणा, असा सल्ला मिळतो आणि तो चुकीचा नाही, पण हे काम मला शिकायचे आहे. दोष मशीनचा आहे, पात्याचा आहे की पद्धतीचा? आणि मदतीला येणाऱ्या भाच्याने नेमके कुठे उभे राहावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अक्कलकोट_रोड_फर्निचर

काम थांबवलेत, हे उत्तम केलेत. तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे, म्हणून आधी ते सांगतो आणि मग उपायांकडे येतो.

सर्क्युलर सॉचे पाते फिरते तेव्हा तळाशी असलेले दात पुढच्या दिशेने धावतात आणि पात्याच्या पुढच्या टोकाला ते खालून वर येतात. पात्याने लाकडात पाडलेली खाच मोकळी असेपर्यंत दात फक्त लाकूड कातरतात. खाच आवळली, किंवा पाते खाचेत तिरके झाले, की तेच दात लाकडाला धरतात. लाकूड जड असल्यामुळे जागचे हलत नाही आणि मोटरची सगळी ताकद मशीनलाच मागे फेकते. पात्याच्या मागच्या कडेचे दात वरून खाली येत असतात, त्यामुळे पाते तिरके असेल तर ते प्लायवूडच्या वरच्या पृष्ठभागात रुतून पाते खाचेबाहेर चढते. तुम्ही जी उसळी पाहिलीत ती हीच. आमच्याकडे कारागीर याला ‘मशीनने किक मारली’ असे म्हणतात. १८५ मिलिमीटरचे पाते मिनिटाला ५,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या दाताचा वेग सेकंदाला सुमारे ४८ मीटर, म्हणजे ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात जातो. झटका बसल्यावर हात मागे घेऊ, ही कल्पनाच त्या वेगापुढे सोडून द्यावी लागते. म्हणून झटका बसणारच नाही अशी मांडणी आधी करायची.

आता तुमची दोन स्टुले पाहा. प्लायवूड दोन टोकांना टेकलेले आणि काप मधोमध. काप जसजसा पुढे जातो तसतसे मधले लाकूड कमकुवत होऊन दोन्ही भाग मध्याकडे झुकतात आणि खाचेचे वरचे तोंड मिटते. त्यात भाचा पलीकडचे टोक धरून आहे. तुकडा पडू नये म्हणून माणूस नकळत ते टोक किंचित उचलतो, आणि उचलले की खाच वरून आणखी आवळते. मदत करणाऱ्याचा हेतू चांगला असूनही त्याच्या हाताने पाते दाबले जाते, हे मी कारखान्यात नव्या मुलांच्या बाबतीत पुष्कळदा पाहिले आहे. मशीन नवे असो की जुने, या मांडणीत पाते अडकणारच.

उपाय साधा आहे. स्टुले बाजूला ठेवा आणि प्लायवूड जमिनीवर घ्या. गच्चीवर दोन इंची लाकडी रिपा किंवा वाया गेलेल्या प्लायवूडच्या उभ्या पट्ट्या अशा मांडा, की कापाच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना जवळच एकेक रीप येईल आणि दोन्ही टोकांनाही आधार राहील. लांबीच्या कापासाठी रिपा आडव्या, म्हणजे रेघेला काटकोनात, दीड-दोन फुटांवर एकेक टाकल्या तरी चालते. पाते त्या रिपांच्या माथ्यावर थोडी खाच पाडील, त्यासाठीच त्या असतात, फक्त त्यांत खिळा राहिलेला नाही हे डोळ्यांनी आणि हाताने तपासून घ्या. असे केल्यावर काप पूर्ण झाला तरी दोन्ही तुकडे जागच्या जागी पडून राहतात. कोणी धरायची गरजच उरत नाही. मग भाच्याचे काम एवढेच, की तुमच्या बाजूला चार-पाच फूट अंतरावर उभे राहून वायर मोकळी ठेवायची आणि काही वावगे दिसले तर प्लग काढायचा. मशीनच्या सरळ मागे किंवा पुढे, कापाच्या रेषेत, कोणीही उभे राहायचे नाही, तुम्हीही नाही. तुमचे शरीर पात्याच्या रेषेच्या डावीकडे असावे. मोठा तुकडा खाली पूर्ण टेकलेला असेल तर त्यावर गुडघे टेकून पुढे सरकत जाणे हीच आठ फुटी कापाची सोयीची पद्धत आहे, कारण उभ्याने हात ताणून कापताना शेवटच्या दोन फुटांत मनगट वळते आणि काप तिथेच सुटतो.

पात्याची खोली प्लायवूडच्या जाडीपेक्षा चार-पाच मिलिमीटर अधिक ठेवा, त्याहून नको. १९ मिलिमीटरच्या प्लायवूडखाली दोन इंच पाते लोंबत असेल तर ते अधिक घासते, वरच्या बाजूला अधिक चिपा उडवते आणि तळाशी बोटे, मांडी, वायर यांपैकी जे येईल ते त्याच्या वाटेत असते.

खालचा स्प्रिंगचा गार्ड, म्हणजे पात्याचा खालचा भाग झाकणारे आवरण, रोज काम सुरू करण्यापूर्वी, प्लग काढलेला असताना, हाताने उघडून सोडून पाहा. तो झटकन मिटला पाहिजे. भुसा आणि डिंक साचला की तो अर्धवट उघडा राहतो. आपल्याकडे अनेक ठिकाणी हा गार्ड तारेने बांधून किंवा पाचर मारून कायमचा वर ठेवलेला दिसतो, कारण काप सुरू करताना तो किंचित अडखळतो. कृपया हे कधीही करू नका. काप संपल्यावर पाते काही क्षण फिरतच असते आणि त्या क्षणी मशीन जमिनीवर किंवा मांडीजवळ टेकले जाते. तेवढ्या वेळेपुरता तो गार्ड असतो.

काप सुरू करताना बेसचा पुढचा भाग प्लायवूडवर सपाट टेकवा, पाते लाकडाला लागलेले नसताना बटण दाबा, वेग पूर्ण झाला की पुढे चला. मध्येच थांबायची वेळ आली तर बटण सोडा आणि पाते पूर्ण थांबेपर्यंत मशीन जागेवरच धरून ठेवा. फिरते पाते खाचेतून मागे ओढणे म्हणजे झटक्याला स्वतःहून बोलावणे होय. पुन्हा सुरू करताना मशीन बोटभर मागे घेऊन, दात लाकडाला लागत नाहीत याची खात्री करून मगच बटण दाबा.

आणि तुमच्या पहिल्या अडचणीविषयी: काप रेघ सोडतो तेव्हा तुम्ही मशीन वळवता. ताठ पोलादी पाते सरळ खाचेत वळू शकत नाही. ते कडेला घासते, तापते, लाकूड काळे करते आणि थोडे अधिक वळवले तर किक मारते. त्यामुळे काप वाकडा गेलाच, तर वळवून दुरुस्त करायचा नसतो. थांबायचे, मागे येऊन नव्याने सरळ रेषा पकडायची. पण खरा उपाय म्हणजे हाताच्या अंदाजाने आठ फूट कापायचेच नाही. रेघेला समांतर एक सरळ पट्टा क्लॅम्पने घट्ट बसवा आणि बेसची कड त्याला लावून चला. गवंडी प्लास्टरसाठी वापरतात तो ॲल्युमिनियमचा चौकोनी पट्टा यासाठी चालतो.

गुण्या_रंधा

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त गवंड्याच्या पट्ट्याविषयी थोडे वेगळे मत मांडतो. तो पट्टा भिंतीवर आपटून, उन्हात पडून किंचित वाकलेला असू शकतो, आणि पातळ पत्र्याचा असेल तर दोन टोकांना क्लॅम्प लावल्यावर मधोमध मशीनच्या दाबाने बाजूला लवतो. घेण्यापूर्वी त्याची परीक्षा करा: प्लायवूडवर पट्ट्याच्या कडेने बारीक रेघ ओढा, मग पट्टा उलटा फिरवून तीच कड त्याच रेघेच्या दोन टोकांना लावा आणि पुन्हा रेघ ओढा. दोन रेघा एकमेकींवर बसल्या तर कड सरळ आहे. मध्ये फट दिसली तर पट्ट्याचा खरा बाक त्या फटीच्या निम्मा आहे.

घरी कपाट करणाऱ्याने माझ्या मते पहिले काम म्हणून स्वतःचा मार्गदर्शक पट्टा तयार करावा. सहा मिलिमीटर प्लायवूडची साधारण एक फूट रुंद व आठ फूट लांब पट्टी घ्या. ही तळाची पट्टी. तिच्यावर १२ मिलिमीटर प्लायवूडची तीन इंच रुंद पट्टी, कारखान्यातून आलेली मूळ कड आतल्या बाजूला ठेवून, लाकडाच्या डिंकाने आणि खालून बारीक स्क्रूने बसवा. स्क्रू लावताना दर फुटावर दोरी किंवा दुसरी तपासलेली कड लावून ही वरची पट्टी सरळ आहे ना, हे पाहत जा, कारण पुढचे सगळे काप याच एका कडेची नक्कल असणार आहेत. वरची पट्टी अशा जागी असावी, की मशीनच्या बेसची रुंद बाजू तिला टेकवल्यावर पाते तळपट्टीच्या आतच येईल, म्हणजे तळपट्टी पात्याच्या पलीकडे बोटभर उरेल. डिंक रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी रिपांवर ठेवून, क्लॅम्प लावून, बेस वरच्या पट्टीला चिकटवून एकदा संपूर्ण लांबी कापा. तळपट्टीचा जादा भाग कापून पडेल आणि जी नवी कड उरेल ती नेमकी तुमच्या मशीनच्या, तुमच्या पात्याच्या कापाची कड असेल.

यापुढे बेसची कड आणि पाते यांतील अंतर मोजून वजाबाकी करण्याची गरज नाही. प्लायवूडवर दोन्ही टोकांना माप घेऊन खूण करा, पट्ट्याची ती कड दोन खुणांवर ठेवा, दोन टोकांना क्लॅम्प आवळा आणि कापा. पट्टा नेहमी ठेवायच्या तुकड्यावर असावा व पात्याची जाडी टाकाऊ बाजूने जावी. तळपट्टी खूण दाबून धरत असल्यामुळे त्या बाजूच्या चिपाही फारशा उडत नाहीत. पात्याची खोली मात्र आता १९ अधिक ६ अधिक ५, म्हणजे ३० मिलिमीटर ठेवावी लागेल. पाते बदलले आणि नव्याच्या दातांची रुंदी वेगळी असली, तर या कडेवर विसंबू नका. त्या पात्यासाठी वेगळा पट्टा करा.

मशीन बंद आणि प्लग काढलेला असताना ते पट्ट्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा ढकलून पाहा. मोटरचे पोट क्लॅम्पच्या दांड्याला अडते का, वायर प्लायवूडच्या कोपऱ्यात गुंतते का, हे कळते. वायर कोपऱ्यात अडकून मशीन मध्येच थांबणे आणि त्या ओढीने पाते तिरके होणे हे वाकड्या कापाचे एक अगदी नेहमीचे कारण आहे. वायर खांद्यावरून मागे घेतली की ते टळते.

तुमचा काप नेहमी डावीकडेच सरकतो, असे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून आणखी एक तपासणी सुचवतो. पाते बेसच्या कडेला समांतर नसेल तर पट्टा लावूनही मशीन एकतर पट्ट्यापासून दूर पळेल किंवा त्याला दाबून घासेल. प्लग काढा, पात्याच्या एका दातावर पेनाने खूण करा, तो दात पुढे असताना बेसच्या कडेपासून त्याचे अंतर मोजा, मग पाते हाताने फिरवून तोच दात मागे आणा आणि पुन्हा मोजा. एकच दात दोन्हीकडे मोजायचा, म्हणजे पात्यातला किरकोळ बाक मापात येत नाही. दोन मापांत अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फरक आला, तर बेस जोडणारे स्क्रू सैल करून ते जुळवता येते का, हे मशीनसोबतच्या पुस्तिकेत पाहा. काटकोनासाठी मशीनवरच्या अंशांच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. टाकाऊ तुकडा कापा, दोन भागांपैकी एक उलटा करून कापलेल्या कडा एकमेकींना भिडवा; वर किंवा खाली फट दिसली तर चूक त्या फटीच्या निम्मी आहे.

मापांविषयी एकच गोष्ट. पाते स्वतः लाकूड खाते, हे हिशेबात धरा. दातांची रुंदी २.४ मिलिमीटर असेल, तर १,२२० मिलिमीटर रुंदीच्या प्लायवूडमधून दोन काप घेऊन ४०५ मिलिमीटरच्या तीन फळ्या जेमतेम निघतात. ४०६ च्या निघत नाहीत. कडा फुटलेल्या असतील तर ४०० धरणे शहाणपणाचे. आणि पहिल्या कापापूर्वी दोन्ही कर्ण मोजून पाहा. २,४४० बाय १,२२० चे प्लायवूड काटकोनात असेल तर प्रत्येक कर्ण २,७२८ मिलिमीटर भरतो. कर्ण सारखे नसतील तर कारखान्याची आखूड कड काटकोनात आहे असे गृहीत धरू नका; लांब कडेला गुण्या (काटकोन आखायचे साधन) लावून नवी रेघ आखा.

जुळे_सोलापूर_गच्ची

दोघांचेही मनापासून आभार. दाताची ती तपासणी आज केली. पुढच्या आणि मागच्या मापात एक मिलिमीटरचा फरक निघाला आणि पुस्तिकेप्रमाणे दोन स्क्रू सैल करून तो काढता आला. रिपा गोळा केल्या आहेत आणि पट्ट्याचा डिंक वाळतो आहे.

दोन शंका उरल्या. शेजारच्या इमारतीत काम करणारे एक सुतार प्लायवूडसाठी चार इंची मार्बल कटरच वापरतात आणि ‘छोटे मशीन, कमी धोका’ असे सांगतात. त्यात तथ्य आहे का? दुसरे, गच्चीवर प्लग नाही. खालच्या मजल्यावरून टीव्हीसाठी आणलेला लांब एक्स्टेंशन बोर्ड वर घेतो. मशीन चालू करताना तो बोर्ड थोडा कोमट लागतो, हे चालेल का?

यंत्रमाग_देखभाल

माझे काम सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या मोटारी आणि वायरिंगचे आहे, त्यामुळे आधी दुसऱ्या शंकेचे उत्तर देतो. नाही, चालणार नाही. १४०० वॅटचे मशीन २३० व्होल्टवर सुमारे सहा अँपिअर घेते, आणि सुरू होतानाचा व पाते जड जातानाचा प्रवाह त्याहून बराच अधिक असतो. टीव्हीच्या बोर्डची वायर बहुधा बारीक असते. तिच्यात व्होल्टेज पडते, मोटर दमते, पात्याचा वेग उतरतो आणि उतरलेल्या वेगाचे पाते लाकडात अडकते. म्हणजे हा दोषही फिरून त्याच झटक्यापाशी येतो. १६ अँपिअरच्या सॉकेटवरून, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा, कारण गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर गच्चीवर, विशेषतः ओल्या फरशीवर, मशीन चालवण्यापूर्वी तो बसवून घ्या. मशीनवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचे असते आणि त्याला दोनच पिना असतात. त्यात बिघाड समजू नका.

वीज गेल्यावरची काळजी वेगळी आहे. कापाच्या मध्येच वीज गेली, की बटण लगेच सोडा आणि प्लग काढा. मार्बल कटरमध्ये अनेकदा बटण दाबून अडकवून ठेवण्याची सोय असते. तशा अवस्थेत वीज परत आली की जमिनीवर पडलेले मशीन आपोआप फिरू लागते.

मार्बल कटर लहान असल्यामुळे सुरक्षित, हा समज मला सर्वांत धोकादायक वाटतो. ते यंत्र फरशी कापण्यासाठी बनवलेले आहे. त्याचे ११० मिलिमीटरचे पाते मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्या घेते, म्हणजे दाताचा वेग तुमच्या सात इंची पात्याच्या दीडपट पडतो. त्याला स्प्रिंगचा, आपोआप मिटणारा खालचा गार्ड नसतो. मशीन लाकडातून बाहेर काढले की फिरते पाते उघडेच राहते. फरशीच्या पात्याला दात नसतात, म्हणून तिथे हा उणेपणा काही अंशी निभावतो. त्याच मशीनला लाकडाचे दातेरी पाते लावले की निभावत नाही. सुतार ते वापरतात कारण ते स्वस्त आहे, हलके आहे, पिशवीत मावते, आणि रोजच्या सरावाने त्यांचा हात बसलेला असतो. त्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे, पण तुमच्याकडे योग्य मशीन असताना ते घेऊ नका. अँगल ग्राइंडरला लाकडाचे पाते लावणे तर याहून वाईट. तिथे टेकवायला बेससुद्धा नसतो. कोणतेही पाते घेताना त्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची संख्या मशीनच्या फेऱ्यांपेक्षा अधिक आहे ना, हे वाचूनच घ्या.

कपड्यांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आपल्याकडे उन्हाळ्यात घाम पुसायला खांद्यावर टॉवेल असतोच. त्याच्या काठाचे सुटे धागे खाली वाकताना पात्याच्या बाजूला लोंबतात. मागाच्या शेडमध्ये फिरत्या पट्ट्याजवळ सैल कपडा न्यायचा नाही, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकतो. इथेही तोच नियम. टॉवेल दूर दोरीवर ठेवा, बाह्या कोपरापर्यंत घट्ट दुमडा, हातातला धागा-कडे काढा. सैल हातमोजे घालू नका, ते पात्यात ओढले जातात. बाजूंनी झाकलेला चष्मा, कानात बोळे किंवा कर्णरक्षक आणि तोंडाला चांगला मास्क हवा. प्लायवूडच्या भुशात लाकडाबरोबर डिंकाची धूळही असते. घामाने चष्म्यावर वाफ धरली तर फिरत्या मशीनसह एका हाताने पुसू नका. बटण सोडा, पाते थांबू द्या, मग पुसा.

अक्कलकोट_रोड_फर्निचर

मार्बल कटरविषयीचे म्हणणे अगदी खरे आहे. कारखान्यात प्लायवूडसाठी ते वापरायचे नाही, असा आमचा नियम आहे.

चिपांचा मुद्दा राहिला होता. दात खालून वर येतात, म्हणून प्लायवूडची चांगली बाजू खाली ठेवा. चिपा वरच्या बाजूला उडतील. तुमचे २४ दातांचे पाते जाड लाकूड झटपट कापण्यासाठी ठीक आहे. कपाटाच्या फळ्यांसाठी ४० दातांचे आणि सनमायका लावलेल्या प्लायवूडसाठी ६० दातांचे, टंगस्टन कार्बाइडचे पाते घ्या, ज्याला दुकानात टीसीटी म्हणतात. दात जितके जास्त तितके पुढे जाणे सावकाश. जोर लावून ढकलले तर कड जळते. दोन्ही बाजूंना सनमायका असेल तर आधी वरच्या बाजूने रेघेवर धारदार कटरने दोन-तीनदा खोल ओरखडा काढा, किंवा पाते प्लायवूडमध्ये दोनच मिलिमीटर जाईल एवढी खोली ठेवून पट्ट्याच्या आधाराने एक उथळ काप घ्या आणि मग त्याच पट्ट्यावरून, तो जराही न हलवता, पूर्ण खोलीचा काप घ्या.

कपाटाच्या चौकटीसाठी पुढे अखंड लाकूड घ्याल तेव्हा एक फरक लक्षात ठेवा. प्लायवूडमध्ये थर एकमेकांना आडवे असल्यामुळे खाच सहसा मिटत नाही. बाभळीसारख्या किंवा नीट न वाळलेल्या लाकडात मात्र आतला ताण असतो. रेषांच्या दिशेने लांब चिरताना, खाली आधार उत्तम असूनही, खाच मागून मिटत येते. अशा वेळी फूट-दीड फूट कापल्यावर मशीन थांबवा, पाते पूर्ण थांबले की मागच्या खाचेत लाकडाची पातळ पाचर हलकेच बसवा आणि मग पुढे जा. पाचर सैलसर हवी. ठोकून बसवली तर लाकूड रेघ सोडून फाटते.

पात्याच्या दातांवर तपकिरी थर दिसू लागला की तो प्लायवूडचा डिंक समजा. पाते बोथट झाले असे वाटून अनेक जण ते फेकून देतात, परंतु बहुतेक वेळा ते नुसते माखलेले असते. प्लग काढून पाते उतरवा, धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवा, जुन्या दात घासायच्या ब्रशने दातांच्या बाजू घासा, लगेच कोरडे करून तेलाचा हात फिरवा आणि दातांची दिशा मशीनवरच्या बाणाशी जुळवून पुन्हा बसवा.